आप्पांचा वाकडा घोडा

घोडा मोडला तेव्हा गिरणीचा तीनचा भोंगा वाजत होता, त्यामुळे आवाज असा मी ऐकलाच नाही. बोटांना कळलं. व्हाइसच्या जबड्यात चामड्याची घडी घालून धरलेला तो तुकडा मी चिमट्यानं डावीकडे आणत होतो, केसभर, त्याहून जास्त नाही. एका क्षणी धातू हाताचं ऐकत होता आणि पुढच्या क्षणी हातात जोरच उरला नाही. भोंगा थांबेपर्यंत मी तसाच उभा राहिलो. बाहेर सायकलींची रांग निघाली, पाळी सुटलेली माणसं डबे हलवत गेली, समोरच्या चहावाल्यानं नेहमीसारखा हात केला आणि मीही केला. मग चिमटा खाली ठेवला. रायफलचा घोडा म्हणजे चाप ओढला की जो पुढे आपटून काडतूस पेटवतो तो, अंगठ्याच्या पेराहून थोडा मोठा. त्याचा खालचा पाय व्हाइसमध्ये होता आणि वरचा शेंडा, जो अंगठ्यानं मागे ओढायचा, तो माझ्या तळहातावर होता. शेंड्यापासून मानेपर्यंत कोरलेली वेल बरोबर मधून तुटली होती. ती वेल माझ्या वडिलांनी, आप्पांनी, कोरलेली होती, आणि त्यांच्या हातचं जगात एवढंच शिल्लक असलेलं नक्षीकाम मी पन्नासाव्या वर्षी, डोळ्यांना चष्मा आणि दुकानाला परवाना असताना, माझ्या हातानं मोडलं होतं.

रायफल टेंभुर्णीकडच्या तात्याबा नावाच्या म्हाताऱ्याची. त्याचा पुतण्या परवान्याच्या कागदासकट घेऊन आला होता. घोड्याची स्प्रिंग मंदावली आहे तेवढी बदला, बाकी कशाला हात लावू नका, असा काकाचा निरोप त्यानं दिला होता. शिकारीवर बंदी येऊन दोन वर्षं झाली होती, माझ्याकडे आता यायच्या त्या शेतराखणीच्या बारा बोअरच्या, गंजलेल्या, दस्त्याला तार गुंडाळलेल्या. त्यांच्यात ही आली तेव्हा मी काउंटर पुसून घेतला होता. नळी विलायती, पण दस्ता, चापाची कमान, घोडा, सगळं आप्पांनी या दुकानात बसून केलेलं. कधी केलं ते मला माहीत नव्हतं, कारण मधली चार वर्षं मी त्यांच्याशी भांडून पुण्याकडे कारखान्यात नोकरीला होतो. मी रायफल खांद्याला लावली, खाली घेतली, भिंग लावून इंच इंच बघितली. आणि मग मला तो दोष दिसला. घोड्याचा शेंडा उजवीकडे कलला होता. एवढंच नाही, अंगठा घसरू नये म्हणून शेंड्यावर जी बारीक जाळी कापतात, तीसुद्धा उजव्या अर्ध्या भागावरच होती, डावा अर्धा भाग गुळगुळीत. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. आप्पांनी आयुष्यात माझ्या एकाही कामाला चांगलं म्हटलं नाही. तुकडा हातात घ्यायचे, उजेडाकडे धरायचे, 'हं' म्हणायचे आणि खाली ठेवायचे. त्या 'हं'चे अर्थ लावत मी मोठा झालो, आणि सगळे अर्थ माझ्या विरुद्धच निघायचे. आता ते जाऊन अकरा वर्षं झाल्यावर त्यांची नजर शेवटी शेवटी अधू झाली होती असा पुरावा माझ्या हातात होता. मी ठरवलं, स्प्रिंग तर बदलतोच, पण हा घोडाही सरळ करून देतो. कुणी सांगितलं नव्हतं. आप्पांची चूक सुधारायची संधी पुन्हा येणार नव्हती.

नवा घोडा करता आला असता, असं कुणी म्हणेल. करता आला असता. पण मग ती रायफल आप्पांची राहिली नसती, आणि तात्याबाचा निरोप माझ्या कानात होता. मोडलेलाच जोडायला हवा होता. जोडायचा म्हणजे कसा, तर घोड्याच्या पायात एक खाच असते, चाप तिथं अडकतो. त्या खाचेला आप्पांनी पाणी देऊन कडक केलेलं. जोडताना उष्णता मानेतून खाली उतरली की खाच मऊ पडणार, मऊ पडली की एक दिवस झिजणार, आणि झिजली की घोडा आपोआप सुटणार, कुणाच्या तरी पायाशी, कुणाच्या तरी पोटाशी. खाच आणि तुटलेली मान यांच्यात अंतर होतं बोटभर. आगीनं वितळवायचं इथं आणि बोटभर खाली गरम होऊ द्यायचं नाही. माझ्या हातून ते होणार नव्हतं हे मला त्या दिवशी चार वाजताच कळलं होतं.

पुढचे आठ दिवस मी रुमालात दोन तुकडे बांधून सोलापूर फिरलो. मार्चचं ऊन, डांबराला चिकटणारी सायकल. स्टेशनजवळ ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणारा एक होता, त्यानं तुकडे न बघताच ठेवा म्हणून सांगितलं, पाच मिनिटांत चिकटवून देतो. चिकटवून हा शब्द ऐकून मी रुमाल पुन्हा बांधला. होटगी रस्त्याच्या एका कारखान्यात विजेवर जोडकाम करणारा तरुण होता, हुशार, पण मी खाचेचं सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला की काका, एवढ्या भानगडीपेक्षा नवीन टाका. सराफ कट्ट्यातल्या सोनाराला विचारलं, तो माझ्याहून जास्त वेळ भिंगातून बघत बसला, वेलीचं कौतुक केलं आणि हात जोडले. त्याची झाळ दागिन्याला पुरते, घोड्याचा फटका तिला सोसणार नव्हता. मी घरी येऊन जेवत होतो तेव्हा मथुरानं, माझ्या बायकोनं, काय शोधताय म्हणून विचारलं. मी नीट उत्तर दिलं नाही. घरातल्या माणसाशी नीट बोलायचं नाही हेही मी आप्पांकडूनच घेतलं असावं.

ती म्हणाली, "माझ्या मशीनचा पाय मोडला होता तो जोडून आणला, त्याला तीन वर्षं झाली. तुम्हाला आधी म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, मी बंदुकांचं काम करतो, शिलाई मशीनचं नाही."

मी हात धुऊन मशीनपाशी गेलो. पाय म्हणजे कापड दाबून धरणारा तो छोटा, दोन बोटांचा तुकडा. काढून भिंगाखाली धरला. जोड दिसेना. खिडकीत नेला, तेलाचा थेंब टाकून बघितलं, नखानं चाचपलं. ज्या वस्तूवर माझ्या घरातली सगळी परकर-पोलकी शिवली गेली, शेजारच्या आठ-दहा बायकांची शिवली गेली, तिच्यावर एवढं काम बसलं होतं आणि मी रोज शेजारून जात होतो. कुठं मोडला होता म्हणून विचारलं, तर तिनं बोट ठेवलं आणि हसली. मला राग आला नाही.  या गावात असा हात आहे, एवढंच मला वाटत होतं.

मथुरानं पत्ता दिला तो चनबसप्पाचा. त्याची शेड पूर्व भागात, यंत्रमागांच्या रांगेच्या पाठीमागे होती. दोन्ही बाजूंनी खटखट चाललेली, भिंतीला हात लावला तर ती थरथरायची. कुणीतरी तेलुगूत ओरडून धोटा मागत होतं. मागांचे मोडलेले दाते, पट्ट्या, चाकं यांच्या ढिगात तो स्टुलावर बसला होता. कपाळावर विभूती, साठीकडे झुकलेला, बुटका माणूस. बायकोशी कानडीत बोलता बोलता त्यानं माझ्या हातातला रुमाल घेतला, तुकडे तळहातावर ठेवले आणि बोलणं थांबवलं. कुठून आला, काय आहे, काहीच विचारलं नाही. मी सांगायला लागलो, खाचेचं, पाण्याचं, आणि शेवटी म्हणालो की जोडताना तेवढा सरळ करून जोडा, पूर्वी पडून वाकलेला आहे किंवा करणाऱ्याची नजर चुकली असेल.

त्यानं मान हलवली. "पडून वाकलेला न्हाय, मिस्त्री. पडून वाकला असता तर वेल बी वाकली असती. वेल बगा, वाकावरनं कशी सरळ चाललीया. आदी वाक दिला, मग वेल काडली. आन ही जाळी. असला हात असलेला मानूस अर्दी जाळी इसरंल व्हय?"

"मग कारण काय?"

"ते मला ठावं न्हाय," तो म्हणाला. "पन कारण हाय."

मी जरा चढ्या आवाजात म्हणालो की ज्यांनी हे केलं ते माझे वडील होते. तो माझ्याकडे बघून अगदी साधेपणानं म्हणाला, "मग तुमालाच ठावं असाया पायजे की." वर म्हणाला, सरळ जोडायचा असेल तर दुसऱ्याकडं जावा, मी न्हाय जोडणार, जसा व्हता तसा जोडायचा असेल तर जोडात भरायला त्याच हातचं जुनं लोखंड आना. आणि तुकडे रुमालात बांधून, गाठ मारून, माझ्या हातात दिले.

परत येताना मी त्याला मनातल्या मनात बरंच काही म्हणालो. मागाची चाकं जोडणारा माणूस मला घोडा शिकवतो. पण सायकल चालवताना तुटलेल्या वेलीचं चित्र डोळ्यांपुढून हलेना. मी भिंग लावून आठ दिवस बघत होतो आणि वेल सरळ आहे हे मला दिसलं नव्हतं, कारण मला वाकडं बघायचं होतं. ज्यानं आप्पांचं नावही ऐकलेलं नाही तो त्यांच्या बाजूनं उभा राहिला होता, आणि मी, त्यांचा मुलगा, चिमटा घेऊन समोर. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानाच्या माळ्यावरून मोडीचा डबा काढला. आप्पांच्या फसलेल्या कामांचा डबा. त्यात काय आहे हे मला नवं नव्हतं; ते गेल्यावर मी तो एकदा उघडून बघितला होता आणि समाधानानं बंद केला होता. त्यात तीन अर्धवट घोडे होते. मी ते आप्पांच्या बाकावर ओळीनं मांडले. पहिला सरळ होता. दुसरा उजवीकडे किंचित कललेला. तिसरा त्याहून जास्त. त्यांच्या शेजारी मी रुमालातला मोडका ठेवला, तो चौथा. मी इतकी वर्षं त्यांना तीन चुका समजत होतो. चुका अशा रांगेनं चालत नाहीत. ते कशाच्या तरी मागे चालले होते, एकेक पाऊल टाकत, आणि चौथ्याला पोचले होते. मला आप्पांची लाज वाटण्याऐवजी पहिल्यांदा माझी वाटली.

डबा मी चनबसप्पापुढे नेऊन ठेवला. पहिला, सरळ घोडा उचलून त्यानं त्याच्यातून सुईसारखी बारीक काडी कापून घासून काढली. गळ्यातल्या लिंगाची डबी शर्टाच्या आत नीट ठेवली, गुंडी लावली. मग मागाखालचं टाकाऊ सूत पाण्यात बुडवून, पिळून, तान्ह्या मुलाला बाळुत्यात गुंडाळावं तसं घोड्याच्या पायाभोवती गुंडाळलं. खाचेपाशी मात्र त्यानं जागा कोरडी ठेवली आणि तिथं एकच धागा बांधला, पांढरा, कोरा, एकेरी. हा धागा पिवळा पडला तर खाच गेली, असं त्यानं सांगितलं. मग हा तुकडा तो मला परत देणार नव्हता, विहिरीत टाकणार होता. मी मान डोलावली. मला काळा चष्मा दिला. गॅसच्या नळकांड्याचं तोंड त्यानं स्वतः केलेलं होतं, त्यातून निघालेली ज्योत तांदळाच्या दाण्याएवढी. आजूबाजूला मागांची खटखट चालूच होती, पण त्याच्या हातापुरतं सगळं थांबलं होतं. ज्योत टेकवायचा, उचलायचा, सुतावर थेंब सोडायचा, पुन्हा टेकवायचा. उचलण्यात सगळी करामत होती. आम्ही सगळे कारागीर टेकवायला शिकतो. केव्हा उचलायचं हे कोणी शिकवत नाही. तो तुटलेल्या दोन कडांकडे असा बघत होता, जणू त्या स्वतःहून जवळ येतील आणि आपण फक्त अडथळा करायचा नाही. वाक जसाच्या तसा राहावा म्हणून त्यानं आधी मातीत साचा घेतला होता, तरी दर खेपेला डोळा बारीक करून वेलीची रेघ बघत होता, तिकडून इकडे, माझ्या वडिलांचा हात गेला होता तसा.  एवढ्या आदरानं आप्पांच्या कामाला मी कधी हात लावला नव्हता. ते जिवंत असतानाही नाही.

संपल्यावर त्यानं घोडा तसाच वाऱ्यावर ठेवला आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसला. निवल्यावर सूत उकललं, एकेक वेढा. शेवटी तो एकेरी धागा सोडून माझ्या बोटावर ठेवला. पांढरा होता. मी खिशातली बारीक कानस काढून खाचेवर फिरवली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. पाणी होतं तसं होतं. जोडाच्या जागी वेलीचं एक पान मात्र गेलं होतं, तिथं नुसती गुळगुळीत चकाकी. मी त्याच्याकडे बघितलं.

"पान माजं काम न्हाय," चनबसप्पा म्हणाला. "ते तुमी काडा. तुमच्या घरची वेल हाय."

ते पान काढायला मला चार दिवस लागले. तांब्याच्या पत्र्यावर पन्नास पानं काढली, मग घोड्यावर एक. ते जरा ताठर आहे, बाकीच्यांसारखं वळत नाही, भिंग लावलं तर मला लगेच ओळखू येतं. पण ते तिथं आहे.

रायफल न्यायला या खेपेला तात्याबा स्वतः आला. एसटीनं उतरून उन्हात चालत आलेला, काटक म्हातारा, उपरणं उजव्या हाताभोवती गुंडाळलेलं. मी पाणी दिलं. तो बाकाकडे, छताकडे, आप्पांच्या फोटोकडे बघत पाणी प्यायला आणि मग उपरणं सोडून रायफल हातात घेतली. उजव्या हाताचा अंगठा पहिल्या पेरापर्यंतच होता. जुनी, गुळगुळीत झालेली जखम. त्यानं दस्त्याच्या मानेला मूठ घातली, आणि तो आखूड अंगठा आपण होऊन उजवीकडे कललेल्या शेंड्यावर, त्या अर्ध्या जाळीवर जाऊन बसला, जसा माणूस आपल्या खाटेवर बसतो. घोडा मागे आला, चाप खाचेत अडकला, टक झालं. सरळ शेंड्यापर्यंत तो अंगठा कधीच पोचला नसता. मी सरळ करून दिला असता तर म्हाताऱ्याच्या हातून त्याची रायफल कायमची काढून घेतली असती, आणि वर त्याला सांगितलं असतं की बघा, आमच्या आप्पांची चूक होती ती काढली.

मी त्याला सगळं सांगितलं. सरळ करायला गेलो, मोडला, जोडून आणला. त्यानं घोड्यावरून बोट फिरवलं, जोड त्याला सापडला नाही. मग तो माझ्यावर चिडण्याऐवजी आठवणीत गेला.

"तुजा बाप बी आदी सरळच करून बसला व्हता," तो म्हणाला. "कडबा कापताना अंगटा गेला तवा मी रायफल इकाया आलतो हितं. त्यो म्हनला, इकू नगं. दोनतीनदा घोडा केला, मला काय पोचंना. मग माजा हात असा हातात घिऊन हितंच बसला, घटकाभर. काय बोलंना. मग 'हं' म्हनला."

तात्याबानं ते 'हं' अगदी आप्पांसारखं म्हटलं. मी ते अकरा वर्षांनी ऐकलं आणि त्यात कुणाबद्दल नापसंती नव्हती. एका माणसाला काहीतरी दिसलं होतं, एवढंच होतं. माझ्या कामांकडे बघून म्हटलेली सगळी 'हं' मला आता नव्यानं ऐकायची होती, आणि ती ऐकवणारं कोणी उरलं नव्हतं. मी तात्याबाला म्हणालो, हात बघू. त्यानं आढेवेढे न घेता पुढे केला. तो खरखरीत, गरम हात मी दोन्ही हातांत धरला आणि त्याच बाकावर बसून राहिलो, तो पाण्याचा दुसरा तांब्या मागेपर्यंत.

तो गेल्यावर मी दुकानाला कुलूप लावलं आणि भर दुपारी सायकल पूर्व भागाकडे काढली. चनबसप्पा एक दातेरी चाक जोडत होता, ज्योत चालू होती, डोळ्यांवर चष्मा होता. मागांच्या आवाजात मला ओरडूनच सांगावं लागलं, म्हातारा, कडबा, अंगठा, तीन घोडे, चौथा. तो मान वर न करता ऐकत होता. अंगठ्याचं आलं तेव्हा त्यानं ज्योत बंद केली. काम अर्धं टाकून तो ज्योत बंद करत नाही, हे मला तेवढ्या दोन भेटींत कळलं होतं. चष्मा कपाळावर चढवून त्यानं विचारलं, "किती आखूड?"

मी माझा अंगठा पेरात दुमडला, मूठ केली, आणि नसलेल्या घोड्यावर तो कसा बसतो, कुठल्या बाजूनं येतो ते दाखवलं. चनबसप्पानं बघितलं. स्टूल पुढे ओढून जवळ आला.

"परत दाखवा," तो म्हणाला.